लपवलेले फोल्डर म्हणजे कुलूप नव्हे

‘एन्क्रिप्शनच्या (माहिती पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदलण्याच्या) भानगडीत पडू नका, ते फुटतेच आणि पासवर्ड विसरलात तर सारे गमावून बसाल, त्यापेक्षा फोल्डर लपवा, फाइलचे एक्स्टेन्शन बदला, लॉगिन पासवर्ड तर आहेच,’ असा सल्ला देणारा एक संदेश सध्या फिरतो आहे. माझ्या मावशीने तो प्रमाण मानून आपले वैद्यकीय अहवाल ‘सुरक्षित’ केले आणि मला कौतुकाने दाखवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

एक्स्टेन्शनचा, म्हणजे फाइलच्या नावात शेवटच्या टिंबापुढे येणाऱ्या अक्षरांचा, मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे. पीडीएफ फाइलला डीएलएल (विंडोजच्या अंतर्गत वापराची फाइल) म्हटल्याने नाव तेवढे बदलते, आतला एक बाइटही हलत नाही. मावशीची ती फाइल मी तिच्यादेखत नोटपॅडमध्ये उघडली, तर पहिल्याच ओळीत टक्क्याच्या चिन्हामागोमाग ‘पीडीएफ’ ही अक्षरे ढळढळीत दिसत होती. फाइलचा प्रकार ओळखणारी साधने नावावर विसंबत नाहीत, सुरुवातीचे हेच बाइट वाचतात. लपवलेल्या फोल्डरला तर तेवढेही कष्ट नकोत. एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटेम्स’वर खूण केली की ते समोर येते.

लॉगिन पासवर्डवरचा भरवसा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडणाऱ्याला किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्याला तो पासवर्ड कोणी विचारतच नाही.

राहिला ‘फुटतेच’ हा दावा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत 2001 मध्ये ‘फिप्स 197’ या मानकाद्वारे जाहीर केली. तिचा तपशील तेव्हापासून जगापुढे उघडा आहे आणि तरीही ती नीट वापरली असता व्यवहारात मोडणारा हल्ला आजवर कोणी दाखवलेला नाही. फुटतो तो बहुधा दुबळा पासवर्ड. झिप फाइलींची जुनी एन्क्रिप्शन पद्धत कच्ची आहे हे खरे, पण ती एईएस नव्हे.

पासवर्ड विसरल्यास माहिती गमावली जाते, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. म्हणून मावशीसाठी व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या प्रोग्राममध्ये एन्क्रिप्ट केलेली पेटी तयार केली आणि तिचा पासवर्ड कागदावर लिहून लॅपटॉपपासून दूर, कपाटात ठेवला. अहवाल त्या पेटीत हलवल्यावर सहज रिसायकल बिन उघडून पाहिली, तर त्यांच्या आणखी चार उघड्या प्रती तिथे निवांत पडलेल्या होत्या.