मसूर भातासोबत की भाताऐवजी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मधुमेहींनी मसूर खावा असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न गुंडाळता सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: महिनाभर रोज रात्री नेहमीच्या जेवणाबरोबर वाटीभर मसूर खाल्ला, पण साखर जागची हलली नाही, वजन उलट वाढलं आणि पोट फुगलं ते वेगळंच. मसुरात १०० ग्रॅमला ६० ग्रॅम कर्बोदकं असताना तो मधुमेहींना खायला सांगणं ही फसवणूक आहे. लेक्टिनबद्दल, म्हणजे कडधान्यांतल्या त्रासदायक ठरू शकणाऱ्या प्रथिनांबद्दल, मी चकार शब्द काढला नाही. आणि असे लेख कडधान्यवाल्यांच्या पैशावर लिहिले जातात.

आधी ते ६० ग्रॅम. हा आकडा कोरड्या मसुराचा आहे आणि कोरडा मसूर कोणी खात नाही. शिजताना दाणा भरपूर पाणी पितो, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात कर्बोदकं साधारण २० ग्रॅम उरतात. त्यातलेही ८ ग्रॅम तंतू. शिवाय ९ ग्रॅम प्रथिनं. तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या पांढऱ्या भातात कर्बोदकं २८ ग्रॅम आणि तंतू अर्ध्या ग्रॅमच्याही आत. तुलना करायची तर शिजलेल्याची शिजलेल्याशी करू या.

पण किती कर्बोदकं एवढंच बघून भागत नाही, ती रक्तात किती वेगाने उतरतात हेही बघावं लागतं. शिजलेला अख्खा मसूर चिमटीत दाबून बघा. साल निसटतं, आतला गर मऊ असतो, तरी बोटांवर घासला की बारीक रवाळ लागतो. हा रवाळपणा बऱ्याच अंशी शिजूनही न फुटलेल्या पेशींचा. स्टार्च त्या पेशींच्या भिंतीआड, प्रथिनांना चिकटून बसलेला असतो. पाचक रसांना तिथवर पोचायलाच वेळ लागतो. त्यात मसुराच्या स्टार्चमध्ये सावकाश पचणारं अमायलोजही बऱ्यापैकी असतं. म्हणून मसुराचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते याचा आकडा, ग्लुकोजला १०० धरलं तर ३० च्या आसपास येतो. दाण्याचं बारीक पीठ केलं की या भिंती मोडतात आणि फायद्यातला बराचसा भाग तिथेच जातो. ‘मसुराचं अमुकतमुक’ असं लिहिलेल्या पाकीटबंद खाण्याबद्दल मी फार उत्साही नाही तो यामुळेच.

टोरांटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८१ साली ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली: सकाळी मसूर खाल्ला असेल तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते, दुपारी मसूर नसला तरी. मला स्वतःला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.

आता तुमच्या महिन्याकडे येतो. तुमच्या प्रतिक्रियेतच उत्तर आहे: ‘नेहमीच्या जेवणाबरोबर’. भात तेवढाच राहिला आणि वर मसूर आला. मोठी वाटी धरली तर रोज दीड-दोनशे कॅलरींची भर पडली. वजन वाढणारच, आणि साखर उतरायला कारणच नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये निरोगी माणसांवर केलेला प्रयोग बघा. ताटातला निम्मा भात काढून तिथे मसूर दिला तर जेवणानंतरची साखर साधारण २० टक्के कमी चढली. बटाट्याच्या बाबतीत फरक ३५ टक्क्यांच्या आसपास. दोन्हीकडे काहीतरी ताटातून बाहेर गेलं होतं. मसुराचं काम इतकंच आहे, त्याच्याकडून औषधासारखी अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी पडेल.

फायद्याचा आकारही सांगतो, म्हणजे फसवणुकीचा हिशेब तुम्हालाच करता येईल. २०१२ साली टाइप २ मधुमेहाच्या १२१ जणांवरचा तीन महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज कपभर कडधान्यं खाणाऱ्यांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा, टक्क्यांत मोजला जाणारा आकडा) ०.५ ने उतरलं, गव्हाचे तंतू वाढवणाऱ्यांचं ०.३ ने. बाकी प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यांत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास घट दिसते, आणि वजनात सहा आठवड्यांत जेमतेम तिसरा हिस्सा किलो. आणि हो, त्या २०१२ च्या प्रयोगाला कॅनडातल्या सॅस्कॅचेवानच्या कडधान्य उत्पादकांचं अर्थसाहाय्य होतं. तुमची शंका अगदीच हवेतली नाही. मात्र ज्यांचे पैसे लागलेत त्यांना चमत्कार विकायचा असता, तर फरक ०.२ चा छापून आला नसता. मला मात्र या लेखाचे कोणी पैसे दिलेले नाहीत.

लेक्टिनचा बागुलबुवा नीट उकळलेल्या मसुराला लागू नाही, उष्णतेने ती निकामी होतात. धोका कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या कडधान्यांत, त्यातही राजम्यात. पोट फुगण्याची तक्रार मात्र खरी आहे. रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचा फडशा पाडतात आणि वायू होतो. मसूर भिजवून ते पाणी टाकून द्या आणि वाटीऐवजी दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत प्रमाण वाढवा. बहुतेकांचा त्रास एवढ्याने आटोक्यात येतो.

पुन्हा करून बघणार असाल तर एक दिवस नेहमीएवढा भात आणि दुसऱ्या दिवशी निम्मा भात, निम्मा मसूर, बाकी जेवण सारखंच ठेवा. जेवायला सुरुवात केल्यापासून एक तासाने आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर हा बदल डॉक्टरांना सांगूनच करा, कारण कर्बोदकं कमी झाली आणि डोस तोच राहिला तर साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियममुळे मसुराचं प्रमाणही त्यांनाच ठरवू द्या.