जिगोंदासला दिलेल्या एका स्टारबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार. आमच्या पुण्याच्या दुकानातून नेलेल्या जिगोंदास या फ्रेंच लाल वाइनबद्दल तुमच्या चार तक्रारी आहेत: घशात जळजळ, तबेल्यासारखा वास, तळाशी गाळ आणि लेबलवर द्राक्षाचं नाव नाही. बाटली कपाटातून काढून लगेच उघडली आणि सोबत तांबडा रस्सा होता, हेही तुम्ही लिहिलंय. ते बरं केलंत, कारण बराचसा उलगडा तिथेच होतो.

आधी जळजळ. ही वाइन साडेचौदा टक्क्यांची आहे. जिगोंदास हे गाव फ्रान्समधल्या रोन नदीच्या खोऱ्याच्या दक्षिण भागात, म्हणजे दक्षिण रोनमध्ये आहे, आणि तिथलं मुख्य द्राक्ष ग्रनाश. जिगोंदासच्या लाल वाइनमध्ये ते निम्म्याहून कमी चालत नाही. ते उशिरा पिकतं, उन्हात साखर भरपूर धरतं, म्हणून अल्कोहोल चढं आणि आंबटपणा बेताचा. अशी वाइन एप्रिलमध्ये ३० अंशांवर ग्लासात ओतली की नाकात आधी स्पिरिट शिरतं आणि फळाचा वास मागे पडतो. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपल्या उन्हाळ्यात तो धरून चालायचं नाही. हिला १६ ते १८ अंश हवेत. फ्रिजमध्ये सव्वा-दीड तास ठेवा, नाहीतर बर्फ घातलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं. नुसत्या बर्फाने भागत नाही. बाटलीला चहूबाजूंनी भिडतं ते पाणी. त्यात तांबडा रस्सा! मिरचीचा तिखटपणा आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात. मटण जरूर करा, पण मिरची कमी आणि काळी मिरी जास्त घातलेलं सुकं.

आता वास, आणि इथे आम्ही या वाइनच्या बाजूने उभे आहोत. ग्रनाश हवेने लवकर उतरतं, त्याचा रंगही फिका. म्हणून सोबत सिरा आणि मूर्वेद्र ही द्राक्षं घालतात. सिरा रंग देतं आणि काळ्या मिरीचा वास. मिरीत जो रोटंडोन हा वासाचा घटक असतो तोच या द्राक्षाच्या सालीतही असतो. मूर्वेद्र देतं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य), चामडं, भाजलेल्या मांसाची छटा. ही दोन्ही द्राक्षं बाटलीत कोंडल्यासारखी होतात, त्यामुळे उघडल्या उघडल्या दर्प येऊ शकतो. रुंद तोंडाच्या जगमध्ये ओतून तासभर ठेवलं की तो उडतो आणि मागून सुकी थाइम, रोझमेरी, काळं ऑलिव्ह असे वास वर येतात.

तासाभरानंतरही तबेला जसाच्या तसा राहिला, तर मात्र तो ब्रेटानोमायसिस या यीस्टचा असण्याची शक्यता जास्त. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि वेळ जाईल तसा वाढत गेला, तर बूच खराब. हे दोन्ही दोषच. त्याला वाइनचा स्वभाव म्हणून आम्ही तुमची बोळवण करणार नाही.

गाळ म्हणजे टॅनिन आणि रंगद्रव्यं, अपायकारक नाही. आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा, मानेमागे टॉर्च धरून सावकाश ओता आणि मानेत काळी रेघ दिसली की थांबा.

लेबलवर द्राक्षाऐवजी गावाचं नाव असतं, कारण १९७१ पासून जिगोंदास हे स्वतंत्र अपलासिओं, म्हणजे कायद्याने राखलेलं प्रदेशाचं नाव, आहे आणि कोणती द्राक्षं किती घ्यायची हे त्या नावाच्या नियमांतच ठरलेलं आहे.

बाटलीत थोडी उरली असेल तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत बुचासकट घेऊन या. आपण मिळून वास घेऊ. वरच्या दोन्हींपैकी एकही दोष निघाला तर बाटली बदलून देऊ.