'बाबांच्या पैशावर': स्टुटगार्टकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

खरं तर प्रतिक्रियांना मी एवढं मोठं उत्तर देत नाही, पण जर्मनीतल्या ब्रेमेनच्या सेमिस्टरवरच्या माझ्या लेखाखाली 'स्टुटगार्टकर' यांनी जे लिहिलंय ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: "ताई, बाबांच्या पैशावर सहा महिने फिरून आलात, छान. मी इथे १४ वर्षं आहे. रविवारी सगळी दुकानं बंद असतात हे चूक. पूर्ण सेमिस्टर आपल्याच मुलींबरोबर राहून 'जर्मन लोक थंड असतात' हे कसं ठरवलंत? आणि अभ्यास एका ओळीत का उरकलात?"

आधी ते 'ताई'. तुम्ही तिथे १४ वर्षं आहात म्हणजे माझ्यापेक्षा नक्कीच मोठे आहात, तर ही ताई आदराची नाही हे मलाही कळतं आणि तुम्हालाही. आणि 'छान'. आपल्याकडे पाहुणे गेल्यावर मागे जे 'छान' म्हणतात ना, ते हे. मुद्दा मांडायचा तर मांडा की, त्याच्या आधी चिमटा कशाला?

रविवारचं मान्य. स्टेशनातली दुकानं उघडी असतात, मी स्वतः तिथून एकदा दूध आणलंय, लिहिताना राहिलं. चूक ती चूक.

आता बाबांचे पैसे. माझे बाबा साताऱ्याजवळ कोरेगावला झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान चालवतात. २०२३ च्या हिवाळी सेमिस्टरला जायचं ठरलं तेव्हा व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये महिना ९३४ युरो दाखवायला लागायचे, सहा महिन्यांचे ५,६०४, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळपास पाच लाख. ते एकरकमी भरायचे आणि तिथे गेल्यावर आपलेच पैसे दर महिन्याला हप्त्याने आपल्याला मिळतात. झेरॉक्सच्या दुकानातून पाच लाख एकरकमी निघतात असं तुम्हाला वाटत असेल तर १४ वर्षांत तुम्ही गावाकडे फारसे आला नसाल. आईने पतसंस्थेतली ठेव मोडली, मुदतीच्या आधी, व्याज सोडून, आणि उरलेले मामाने दिले. म्हणजे बाबांचे पैसे हे मुळातच चूक आहे, आईचे आणि मामाचे होते!

स्टुडंट एक्स्चेंजवर गेले होते म्हणून तिथली फी नव्हती, ते मी लेखात लिहिलंय (वाचलं असतंत तर). पण खोलीभाडं, हेल्थ इन्शुरन्स, शिवाय ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं (तेव्हा महिना १८.३६ युरो) पत्र येतं ते, घरात टीव्ही असो नसो, आम्ही चौघींनी वाटून भरलं. त्यातून मामाचे परत करायचे होते म्हणून नोव्हेंबरपासून मी एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी धुवायच्या मशीनवर लागले. तासाला १२ युरो, जानेवारीत किमान वेतन वाढलं तेव्हा १२.४१. त्या ४१ सेंटचा मला किती आनंद झाला होता ते तुम्हाला इंजिनियरच्या पगारावर नाही कळणार (इंजिनियर हा माझा अंदाज, स्टुटगार्ट म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांचं शहर म्हटल्यावर). रात्री साडेदहाला सुटायचे, हात रबरी ग्लोव्हज घालूनसुद्धा फुगलेले, वेझर नदीवरून येणारा तो ओला वारा, बर्फ बरा पण तो वारा नको, आणि ट्रामची वाट बघताना घरी फोन करावासा वाटायचा तर कोरेगावात पहाटेचे तीन वाजलेले असायचे. चार महिन्यांत साधारण १,९०० युरो झाले. मामाचे सगळे फिटले, आईची ठेव पुन्हा व्हायचीये अजून. आता सांगा, फिरून आले?

फिरलेही थोडी, खोटं कशाला बोलू. ऑक्टोबरात फ्राइमार्क्टला गेलो, १०३५ पासून चालू असलेली जत्रा म्हणे, आपल्या जत्रेसारखेच पाळणे फक्त थंडीत. आणि टाउन हॉलजवळ ग्रिमच्या गोष्टीतल्या त्या गाढव-कुत्रा-मांजर-कोंबड्याच्या पुतळ्यातल्या गाढवाचे पाय धरून फोटो काढला, सगळेच काढतात. कॉलेजला असताना पुण्यात औंधच्या ब्रेमेन चौकातून माझी रोजची बस जायची आणि तो चौक त्या नावाचा का हे मला तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, मग खऱ्या ब्रेमेनमध्ये एक फोटो काढला तर काय बिघडलं?

'आपल्याच मुलींबरोबर' म्हणालात. फ्लॅटमध्ये नागपूरची, इंदूरची, हैदराबादची आणि मी, हे खरंय. पण खोल्या आम्ही निवडल्या नव्हत्या, वाट्याला आल्या. आणि किचनमध्ये माझ्याबरोबर एक सीरियन काका आणि घानाची एक मुलगी होती, त्यामुळे हा आरोपही पूर्ण खरा नाही. लोक थंड असतात हे मला जे वाटलं ते मी लिहिलं. पहिल्या लेक्चरच्या शेवटी सगळे एकदम बाकं ठोकायला लागले तेव्हा मला वाटलं प्रोफेसरवर चिडलेत, नंतर कळलं की ती त्यांची टाळी! तर आता एवढ्याशा गोष्टीवरूनही तुम्ही म्हणाल बघा काही कळलं नव्हतं. म्हणा. माझा ब्लॉग आहे.

अभ्यासाचं थोडक्यात, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे: ३० क्रेडिट्स घ्यायचे होते, १८ झाले. तिथे १.० सगळ्यात चांगला आणि ४.० ला काठावर पास, आपल्या डोक्यात सगळं उलटं, त्यामुळे एका विषयात ३.७ मिळाले तेव्हा मी घरी आनंदाने सांगितलं होतं. इथल्या माझ्या कॉलेजने त्या १८ मधले सहा धरलेच नाहीत आणि दोन विषय मी परत दिले. उरकलं म्हणता, तर हो, उरकलं. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगायला मी बांधील नाही.

बाकी 'इथे येऊ इच्छिणाऱ्यांची दिशाभूल' वगैरे जे तुम्ही त्याच प्रतिक्रियेत खाली लिहिलंय त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, तशीच राहू दिलीये. मूळ लेखात स्टेशनातल्या दुकानांची दुरुस्ती केलीये, कंसात तुमचं टोपणनाव घालून. पुढच्या आठवड्यात पत्ता नोंदणीवर लिहिणार आहे, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायला लागते ती. त्यात काही चुकलं तर सांगा, फक्त ताई न म्हणता.