ट्रे भिंतीला, अक्कल खुंटीला

गोव्यात फोंड्याला बहिणीकडे गेलो तर पडवीत अंड्यांचे साठ ट्रे रचून ठेवलेले. भाचा बारावीत आहे, भजन बरं गातो. चतुर्थीच्या आधी चार अभंग घरीच रेकॉर्ड करायचेत म्हणाला. ‘मामा, शिडी धर जरा, हे भिंतीला चिकटवायचेत.’

कारण भजनी मंडळाच्या ग्रुपवर ‘कमी पैशांत घरी स्टुडिओ’ नावाचा मजकूर फिरतोय. चार आज्ञा आहेत त्यात: भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा, खोली साउंडप्रूफ होते, रेकॉर्डिंग १९२ किलोहर्ट्झवरच (म्हणजे आवाज सेकंदाला १ लाख ९२ हजार वेळा मोजून) करा, त्यासाठी जुना कॉम्प्युटर विकून नवा घ्या, आणि माइक कंडेन्सरच हवा. माझ्याकडेच हा मजकूर तिघांकडून आला. चौथा घरातलाच निघाला म्हणून लिहायला बसलो.

आधी ट्रे. आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. ट्रे म्हणजे रद्दी कागदाचा लगदा, हातात घेतला तर वजन जाणवत नाही. बहिणीच्या घराच्या भिंती जाडजूड चिऱ्याच्या, त्यांतून काहीच येत नाही. आवाज येतो कौलांच्या सांदींतून आणि खिडकीतून. म्हणजे दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला. भाच्याला पटेना, म्हणून त्याचा फोन दोन ट्रेंच्या मध्ये घातला, वर आणखी चार रचले आणि माझ्या फोनवरून रिंग दिली. स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, ‘अरे, फोन घे कोणीतरी!’

मग खोलीतला घुमारा तरी कमी होतो का? थोडा होतो, मान्य. टाळी वाजवली तर किणकिण जराशी मरते. पण ट्रेचा खळगा जेमतेम पाच सेंटिमीटर खोल. खर्जातल्या, १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर. तिला हा खळगा जाणवतही नाही. म्हणजे गळ्यातली वरची चमक तेवढी खाल्ली जाते आणि पखवाजाचा धुम्मा होता तसाच राहतो. डब्यात तोंड घालून गायल्यासारखं ऐकू येतं ते यामुळेच. त्यात गोव्याचा पावसाळा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे हा लगदा भिंतीवर ओल पीत बसणार, मागे झुरळं. आणि पावसाळा सरल्यावर विजेच्या वायरींना लागून खोलीभर सुका पुठ्ठा म्हणजे पेटायला निमित्तच. फुकटात हवं असेल तर गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा. पाऊस कौलांवर कोसळत असेल तेव्हा रेकॉर्डिंग करू नका. त्याला उपाय नाही.

आता १९२ चं खूळ. मोजणीच्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर टिपले जातात, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं तर जवळजवळ २४ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर पकडता येतात. माणसाचा कान तरुणपणी २० पर्यंत जातो, माझ्या वयात तेही नाही. २००७ साली मेयर आणि मोरन या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक चाचणी छापली. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग थेट ऐकवायचं आणि तेच सीडीच्या १६ बिट (बिट म्हणजे प्रत्येक मोजणी किती बारकाईने नोंदवायची तो आकडा), ४४.१ किलोहर्ट्झमधून काढून ऐकवायचं. कोणतं कुठलं ते ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. ती चाचणी ऐकण्याची होती, रेकॉर्डिंगची नव्हे, हे खरं. म्हणून रेकॉर्ड करताना २४ बिट ठेवा, आवाजाची पातळी थोडी खाली ठेवायला मोकळीक मिळते. पण १९२ वर २४ बिट स्टिरिओ मिनिटाला सुमारे ६९ एमबी खातं, ४८ वर १७. आधी चौपट ओझं लादायचं आणि मग कॉम्प्युटर दमला म्हणून तो विकायला सांगायचा!

कॉम्प्युटरबाबत अर्धं खरं आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी घाला, रॅम ८ जीबी करा. गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो, ते बहुतेकदा ड्रायव्हर (यंत्र आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम) आणि बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा तुकडा) यांमुळे. इंटरफेसचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा, स्वतःचा एएसआयओ नावाचा ड्रायव्हर टाका, बफर १२८ ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर त्या बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांहून कमी. मिक्सिंगला, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जमवायला बसाल, तेव्हा उशीर चालतो, १०२४ करा.

माइकचं काय सांगायचं? कंडेन्सर नाजूक आवाज छान टिपतो, आणि शेजारचा मिक्सर, कावळे, पंखाही तितक्याच प्रेमाने टिपतो. अशा खोलीत तोंडाजवळ धरलेला साधा डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात धरतात तसला) बरा. मंडळाकडे पडून आहेच एक.

दहा ट्रे शेजारणीने मिरचीची रोपं करायला नेले. पन्नास अजून पडवीत आहेत. मजकूर पाठवणाऱ्यांनी येऊन घेऊन जावेत.