कितीपैकी?

गेल्या महिन्यापर्यंत माझा लॅपटॉप सुरू होईस्तोवर आल्याचा चहा होत असे. बटण दाबायचं, आधण ठेवायचं, आलं किसायचं, चहा गाळून कप बाहेर आणायचा, की पडद्यावरचे ते गोल फिरणारे ठिपके थांबलेले असायचे. मला यात काही गैर वाटत नव्हतं. गैर वाटलं ते निनादला. निनाद म्हणजे माझा भाचा. हिंजवडीला नोकरी करतो, रविवारी डहाणूकर कॉलनीत माझ्याकडे थालीपीठ खायला येतो आणि खाता खाता घरातल्या यंत्रांना नावं ठेवतो.

“मावशी, याचा स्कोअर काढू या.”

मी एकतीस वर्षं शाळेत बीजगणित शिकवलं. अजूनही शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका काढते. गुणांचा विषय निघाला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. म्हटलं, काढ.

त्यानं एक काळी खिडकी उघडली, तीत ‘विनसॅट फॉर्मल’ असं काहीतरी टाइप केलं आणि लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायला लागला, की समोरच्या ब्लॉकमधले केळकर दार उघडून म्हणाले, “चटणी वाटताय का?” काही मिनिटांनी निकाल लागला. पाच विषय. प्रोसेसर ७.१, मेमरी ७.१, ग्राफिक्स ४.६, गेमिंग ग्राफिक्स ९.९, हार्ड डिस्क ५.४. एकूण ४.६.

मी मनात बेरीज केली. ३४.१ भागिले पाच, ६.८२. “अरे, सरासरी चुकलीय याची.”

“सरासरी नसतेच मावशी. पाचांतला सगळ्यात कमी, तोच एकूण.”

दहावीला आपल्याकडे बेस्ट ऑफ फाइव्ह असतं. सहांतले चांगले पाच विषय धरायचे आणि नडलेल्या विषयाचं नाव काढायचं नाही. इथे सगळं उलटं. नडलेला तेवढा धरायचा आणि बाकीच्यांचं नाव काढायचं नाही! आणि ते ९.९? आयुष्यात मी त्यावर एक गेम खेळलेली नाही. निनाद म्हणाला, आताच्या विंडोजमध्ये त्या विषयाची परीक्षा घेतच नाहीत, नुसतेच गुण देऊन टाकतात. हे मात्र ओळखीचं वाटलं. २०२१ साली परीक्षा न होता दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला होता.

“आणि हे कितीपैकी?”

“९.९ पैकी.”

दहापैकी का नाही, हे विचारून मी थकले. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा म्हणे कमाल गुण ५.९ होते. विंडोज सेव्हनला ७.९ झाले, एटला ९.९. मुलं हुशार होत गेली तसतसे मंडळानं गुण वाढवले. पुढे २०१३ मध्ये निकालाचा तक्ताच भिंतीवरून काढून टाकला. परीक्षा मात्र अजून आत चालूच आहे, कुणी काळ्या खिडकीतून विचारलं तर. असं मंडळ आपल्याकडे असतं तर पालकांनी मोर्चा काढला असता.

केळकरांना हे सगळं ऐकू गेलं असावं. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाले, “मुलानं नवीन लॅपटॉप दिलाय. गीकबेंचला चोवीसशे अठ्ठावीस.”

“कितीपैकी?”

“पैकी कसलं? चोवीसशे अठ्ठावीस!”

माझे ४.६. रात्रभर ते चोवीसशे डोळ्यांपुढे. मग निनादला फोन केला. तो म्हणाला, गीकबेंच ही संगणकाचा वेग मोजायची परीक्षा, तिला ‘पैकी’ नसतंच. त्यांनी कोअर आय सेव्हन १२७०० नावाचा एक मुलगा, म्हणजे एक प्रोसेसर, धरलाय, त्याला २५०० गुण देऊन टाकलेत आणि बाकीच्या वर्गाला त्याच्या शेजारी उभं करून मापतात. म्हणजे केळकरांचा लॅपटॉप त्या मुलाहून जरा बुटका. हे मी केळकरांना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

आणि या गुणांवर विश्वास तरी किती ठेवायचा? काही मोबाइल कंपन्यांचे फोन चाचणीचं ॲप उघडलेलं ओळखून तेवढ्यापुरते जोर लावून पळायचे, हे २०१३ सालीच उघड झालं होतं. मला त्यात नवल वाटलं नाही. शाळा तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी आमचे फळेसुद्धा ओल्या फडक्यानं पुसलेले असत.

खरी परीक्षा म्हणाल तर आमच्या पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या महासंगणकांची. १९९१ साली इथे परम ८००० तयार झाला. अशा यंत्रांची जगातली क्रमवारी लागते ती रेषीय समीकरणं सोडवायला देऊन. २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या ‘ऐरावत’चा त्या यादीत ७५ वा नंबर होता. मी जन्मभर दोन चलांतली समीकरणं घातली, इथे लाखो चलं. पण विषय माझाच! या एका गोष्टीवर मी आठवडाभर खूश होते.

पुढच्या रविवारी निनादनं लॅपटॉप डायनिंग टेबलावर उलटा करून उघडला. पंख्याच्या जाळीला धुळीची करड्या रंगाची घोंगडी चिकटली होती. ती त्यानं ब्रशनं उचलली तर अखंड आली, तीत अडकलेल्या शेंगदाण्याच्या सालासकट. मग हार्ड डिस्क दाखवली. “गुण ग्राफिक्सचे कमी असले तरी तुला रडवते ती ही. मिनिटाला ५४०० फेऱ्या.” सेकंदाला नव्वद. मला भरपूर वाटल्या. पण प्रोसेसर त्याच सेकंदात अडीचशे कोटी ठोके देतो. डिस्कची एक फेरी होईपर्यंत त्याचे पावणेतीन कोटी ठोके वाट बघण्यात जातात. बिचारा. मीही प्रगतिपुस्तकं भरताना एका शिक्षकाच्या गुणांसाठी अशीच ताटकळायची.

एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, मी स्वतः जाऊन आणली, ५०० जीबीची. बसवल्यावर लॅपटॉप म्हणाला, ४६५. मी पिशवी घेऊन परत दुकानात. “उरलेले पस्तीस कुठेत?”

दुकानदारानं मानही वर केली नाही. “खोक्यावर पाचशे लिहिलंय, पाचशेच दिलेत. घरी मोजताना कमी भरले तर आम्ही काय करणार?”

घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा पटलं. तो हजाराच्या हिशेबानं विकतो, विंडोज १०२४ च्या हिशेबानं मोजतं. तीन वेळा १०२४ नं भागलं की ४६५ उरतात. गणित बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला.

निनादनं पुन्हा परीक्षा घेतली. डिस्क ५.४ वरून ८.१. मी एकूण बघितलं. ४.६. ग्राफिक्स जागचं हललं नव्हतं.

“पण मावशी, आता सुरू कर बघू.”

केला. गॅस पेटवायच्या आत सुरू झाला. आता रोज पंचाईत होते. तो तयार होऊन बसतो, आधण नुसतं कोमट झालेलं असतं. मग मी आलं किसते, चहा गाळते, कप घेऊन बाहेर येते, तोवर वाट बघून बघून तो झोपी गेलेला असतो.