नव्या गाडीवर कोरडा फडका कशाला मारता?

नवी कोरी काळी गाडी, आणि उन्हात बघावं तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे! कारखान्यातला रंग सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात वरचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम 40-50. डीलरच्या यार्डात धूळ खात उभ्या गाडीवर कोरडा फडका फिरवला की त्या धुळीचाच पॉलिश पेपर होतो. वर पुन्हा डीलरच ‘रबिंग मारून देतो’ म्हणतात, म्हणजे मशीनने घासून ओरखडे काढणार! लोकरी पॅड आणि जाडं कंपाउंड (घासायची पेस्ट), म्हणजे क्लिअरकोट आणखी झिजला, शिवाय उन्हात मशीनचे गोल गोल पट्टे दिसणार ते वेगळेच. दाराच्या कडेवर रंग आधीच पातळ. तिथे मशीन जरा रेंगाळलं की खालचा प्रायमर उघडा. अहो डीलरसाहेब, आधी पाण्याच्या फवाऱ्याने धूळ उतरवा, शांपू लावा, मायक्रोफायबरने टिपा. जमत नसेल तर गाडी बिनधुतलीच द्या!