व्हय म्हाराजा

आमच्याकडे 1987 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांतून काय काय हळवं छापून आलं. आमची मात्र मालवणात अजून चालते. 'चालते' हे क्रियापद मी बाबांच्या धाकाने वापरतोय. बाबांच्या मते ती चालते, बायकोच्या मते ती ढकलली जाते, आणि सत्य या दोघांच्या मधे, बहुतेक वेळा धामापूरच्या आसपास, बॉनेट उघडून उभं असतं.

या गाडीत डेल्को नावाचा एक डबा आहे. पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, पण त्या नावाने विचारलं तर आमच्या भागातला एकही मेस्त्री मान वर करायचा नाही. बॅटरीच्या 12 व्होल्टचे कॉइलमधे पंधरा-वीस हजार व्होल्ट होतात, आणि ते चार प्लगना पाळीपाळीने वाढायचं काम या डेल्कोचं. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा या क्रमाने. पंगतीत पहिल्या पानावरून तिसऱ्यावर उडी मारणारा वाढपी आमच्याकडे तिथल्या तिथे मार खाईल, पण इंजिनाला तेच मानवतं. आता ठिणगी पडते कधी, तर डेल्कोतले दोन चिमुकले पॉइंट एकमेकांपासून सुटतात त्या क्षणी. सुटतात किती, तर 0.4 मिलिमीटरच्या आसपास. इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारत असेल तर डेल्को त्याच्या निम्मे मारतो आणि पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडमीट करतात. हा सगळा संसार जागच्या जागी धरून ठेवतो एक स्क्रू. डोकं मसुरीच्या दाण्याएवढं. तो सैल झाला की पॉइंट सरकतात, फट मिटते आणि गाडी आहे तिथे बसते.

आमचा तो स्क्रू सैल व्हायचा. एकदा नाही, महिन्यातून दोनदा.

जूनमधली गोष्ट. आत्याला घेऊन कुडाळला निघालो होतो. मागे दोन पुतणे, डिकीत एक कापा फणस. धामापूरच्या तलावापाशी गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. वर पाऊस. एका पुतण्याने छत्री धरली, मी डेल्कोचं झाकण काढलं. स्क्रू जागेवर नव्हता. तो आत पडला होता, प्लेटच्या खाली, अंधारात, आणि डिसमिसचं टोक लावलं की मासळीसारखा आणखी आत सरकत होता. समोर तलाव पसरलेला. 1530 सालचा मातीचा बांध, गावकऱ्यांनी घातलेला, अजून पाणी धरून आहे. आणि मला एक स्क्रू मालवण ते कुडाळ धरून ठेवता येत नाही.

"फणसाचो चीक लाव," आत्या खिडकीतून म्हणाली.

मी चिडणार होतो, पण आत्याने तोवर अंबाड्यातला आकडा काढून हातात दिला होता. डिकी उघडली. फणसाच्या देठाला पांढरा चीक आलेला होता. आकड्याचं टोक त्यात बुडवलं, श्वास रोखून डेल्कोत घातलं, आणि स्क्रू टोकाला चिकटून असा अलगद वर आला की पुतण्याने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना त्याने छत्री सोडली. डेल्को भिजला. मग तो पुसून कोरडा होईस्तोवर आत्या गाडीतून उतरली, तलावाकाठच्या भगवतीच्या देवळाकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने चक्क गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या दारात गाडी उभी केल्यान हा..." (केली नव्हती, पडली होती, पण आत्या माझी बाजू सांभाळून घेत होती.) "ह्या गाडयेचो जो काय इस्क्रू सैल पडता, तेका जागच्या जागी घट्ट धरून ठेव. कोणाक म्हणून हलवूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुतणे ओरडले. मीही ओरडलो. म्हणायला काय जातं, असं तेव्हा वाटलं होतं.

घरी आल्यावर बायकोचं नेलपॉलिश लावून पाहिलं. जुने रेडिओवाले स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब ठेवायचे, हे मी लहानपणी बघितलं होतं. ते तीन आठवडे टिकलं. बायकोच्या नखांवर चार दिवसांच्या वर टिकत नाही, त्या मानाने बरंच म्हणायचं.

मग चाकणला इंजिनिअर असलेल्या भाच्याचा फोन आला. "मामा, नेलपॉलिश काय लावतोस? थ्रेडलॉकर लाव." स्क्रूच्या आट्यांना लावायचा गोंद असतो म्हणे. जांभळा बारीक स्क्रूंना. निळा मध्यम, लागला तरी साध्या हत्याराने सुटतो. लाल सगळ्यात जबरदस्त, तो सोडवायचा तर 250 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. "तू जांभळा घे, नाही मिळाला तर निळा," असं तो स्वच्छ म्हणाला होता. पण मी कोकणातला माणूस. माती लाल, चिरा लाल, उकडा तांदूळ लाल. पक्कं ते लालच, असा माझा हिशोब. बाबांनीही पेपरातून डोकं काढून दुजोरा दिला. सिंधुदुर्ग बांधताना 1664 साली पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं, ते काय मग सोडवायला ओतलं होतं, असं त्यांचं म्हणणं. किल्ला आमच्या गच्चीतून दिसतो, त्यामुळे या युक्तिवादाला घरात उत्तर नसतं.

बाटली आणली ती अर्धीच भरलेली. मी परत गेलो, दुकानदाराशी भांडलो. त्याने शांतपणे दुसरी उघडून दाखवली, तीही अर्धी. तिसरीही. दुकानातून तावातावाने भाच्याला फोन लावला, तर तो हसतच सुटला. हा गोंद हवेत वाळत नाही, हवेत तो पातळच राहतो. आट्यांच्या फटीत हवा मिळेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श झाला की मग घट्ट होतो. बाटली तोंडापर्यंत भरली तर आतल्या आतच दगड व्हायचा, म्हणून वरची रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली. 1953 साली व्हर्नन क्रीबल नावाच्या अमेरिकेतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने हे प्रकरण जुळवलं. चारचौघांत पातळ आणि कोपऱ्यात गाठलं की दगड, अशी दोन माणसं आमच्या पतपेढीच्या संचालक मंडळावर आहेत, त्यामुळे मला ते लगेच पटलं. दुकानदाराला सॉरी म्हणालो. त्याने चहा मागवला. पैसे मी दिले.

बाटलीची चोच जाड होती, थेंब नको तिथे पडत होता. म्हणून मी एक हुशारी केली. बायकोची रिकामी झालेली नेलपॉलिशची बाटली धुऊन वाळवली, थोडा गोंद त्यात ओतला आणि तिच्या ब्रशने अगदी नीटस काम केलं. पॉइंटचा स्क्रू. मग उत्साह आला, म्हणून कंडेन्सरचा स्क्रू. मग प्लेटचे दोन. फट लावायला आमच्याकडे काडेपेटीचा पुठ्ठा वापरतात, तोच वापरला. चोवीस तास गाडीला हात लावला नाही. पूर्ण ताकद यायला तेवढा वेळ लागतो, असं बाटलीवर लिहिलं होतं आणि या एका सूचनेच्या बाबतीत मी शब्दाचा पक्का राहिलो.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. हळू चालवली की ठीक, चाळीसच्या वर नेली की खोकायची. स्क्रू मात्र तसूभर हलला नव्हता.

मेस्त्री आले. त्यांनी झाकण काढलं, पॉइंटमधे बघितलं आणि विचारलं, "फट कशान लायलस?" मी काडेपेटी पुढे केली. त्यांनी तिचा पुठ्ठा चिमटीत धरून दाबला. पावसाळी हवेने तो फुगून पुरणपोळीसारखा झाला होता. फट जास्त पडलेली. म्हणजे पॉइंट मिटून राहायला वेळ कमी, म्हणजे कॉइलला भरायला उसंत नाही, म्हणजे वेगात मिसिंग. इलाज एकच, स्क्रू सैल करून फट पुन्हा लावायची.

त्यांनी डिसमिस लावला. फिरवला. डिसमिस फिरला.

"काय लायलस ह्याका?"

मी सांगितलं. मेस्त्री जवळच्या पायरीवर बसले. "अरे बाबा, ह्यो इस्क्रू सोडूचोच असता! पॉइंटाच्या पायाक फायबर असता, ता झिजता, फट कमी जाता. दर चार-पाच हजारान सोडूचो नि परत लावूचो. सोडूचो इस्क्रू कोण चिकटवता?" मग पुन्हा डेल्कोत डोकावून म्हणाले, "आता ह्यो तुझ्या नातवाच्या लग्नात सुटतलो."

मी बेचाळीस वर्षांचा आहे आणि माझा मुलगा तिसरीत आहे.

तिसऱ्या प्रयत्नात खाचेचा एक कान गेला. मग सोल्डरिंग आयर्न आणलं, त्याचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं आणि लाईट गेली. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट नुसती जात नाही, पाहुणचाराला जाते. दोन तास आम्ही सगळे एका स्क्रूभोवती मयताला बसावं तसे बसून होतो. मधे आत्याचा फोन आला. परिस्थिती ऐकून ती भलतीच खूश झाली. "बघ, माझा गाऱ्हाणा कसा पावला! कोणाक म्हणून हलवूक देव नको म्हटलंय मी!"

लाईट आली. आयर्न तापलं. पाच मिनिटांनी जळक्या प्लास्टिकसारखा वास आला, मेस्त्रींनी पक्कडीने डोकं धरलं, एक बारीक 'कर्र' झालं आणि स्क्रू आट्यांत पांढरी भुकटी घेऊन बाहेर आला. मेस्त्रींनी तो तळहातावर फिरवून बघितला.

"ह्याचो वायसर खंय?"

स्प्रिंग वॉशर. चिरलेली, जरा पीळ दिलेली बारीक रिंग. स्क्रूच्या डोक्याखाली तीच नेटाने टेकून बसते आणि स्क्रूला हादऱ्याने सुटू देत नाही. आमच्या स्क्रूखाली ती नव्हती. किती वर्षं नव्हती कोण जाणे. 1998 साली बाबांनी एका रविवारी डेल्को स्वतः उघडून जोडला होता आणि त्यानंतर एक बारीक रिंग शिल्लक राहिली होती, असं आई सहज म्हणाली. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. तो कालचा होता.

मेस्त्रींनी खिशातून वॉशर काढून घातला. त्याचे पैसे घेतले नाहीत. सोल्डरिंगचे घेतले. जांभळा नाही, निळा नाही, काहीच लावलं नाही. दोन पावसाळे झाले, स्क्रू तिथेच आहे आणि हवा तेव्हा सुटतोही.

एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं. पण मागच्या वैशाखात चुलतभावाच्या हळदीला घर भरलेलं असताना पुतणी चिडून बाहेर आली. काकीच्या कपाटातलं लाल नेलपॉलिश लावून दोन तास झाले, फुंकर मारून झाली, पंख्याखाली बसून झालं, वाळायचं नाव नाही. बोटं पसरून ती सगळ्यांना दाखवत होती. मी लांबून पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. हवेत तो वाळणार नाही, हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं. सांगावं म्हणून पुढे सरकलो, तेवढ्यात तिची आई म्हणाली, "कानातलं सैल झालंय बघ," आणि तिने त्याच ओल्या बोटांनी फिरकी आवळली.

एक ग्रॅम सोन्याचं कानातलं. आत पितळ. बारीक आटे.

अर्ध्या तासाने फिरकी हलेना. तेल लावून झालं, साबण लावून झाला. शेवटी जेवायला बोलावलेल्या मेस्त्रींना पानावरून उठवलं. त्यांनी कान बघितला, नखं बघितली, मग गर्दीतून बरोबर मला शोधून काढलं. "सोल्डरिंग हाडू?" एवढंच म्हणाले आणि पुतणीने हंबरडा फोडला. मेस्त्री हसत पक्कड आणायला गेले. तेवढ्यात ओटीवर आत्या उभी राहिली, पदर सारखा केला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

"आत्या, नको!" आम्ही तिघं-चौघं एकदम ओरडलो.

त्या शांततेत बायको आतून ती बाटली घेऊन आली. तिने ती उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला आणि सावकाश माझ्याकडे वळली. नारळ कमी पडतील असं मला अचानक वाटलं. मी पिशवी उचलली आणि मागच्या दाराने बाजाराकडे निघालो. चालतच. पद्मिनीचा आवाज लांबूनही ओळखू येतो.